जादा दिव्यांचा स्विच दाबला की अप्परही लागतो: रिलेला डायोड कुठे आणि कसा?

वैशालीनगर

नमस्कार. बाबांच्या जुन्या डिझेल जीपबद्दल विचारायचं आहे. गाडी इंदूर आणि बडवाहजवळचं शेत अशी जा-ये करते. सिमरोल, भेरूघाट, बलवाडा हाच रस्ता, आणि दिवाळीनंतर जाणं बहुतेक रात्रीचंच असतं. म्हणून पुढच्या बंपरवर दोन जादा दिवे लावून घेतले. एच-३ बल्ब, ५५ वॅटचा एकेक, लांब फेकणारे. रिले (लहान करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) चार पायांची, टोपीवर १२ व्होल्ट ३० अँपिअर असं लिहिलंय, आणि पायांवर आकडे आहेत. ३० ला बॅटरीवरून फ्यूजमधून आलेली वायर, ८७ वरून दिवे, ८५ बॉडीला म्हणजे अर्थला, आणि ८६ डॅशवरच्या लहान स्विचला. स्विचला करंट म्युझिक सिस्टिमच्या वायरीतून घेतलाय.

एवढंच होतं तोवर त्रास एकच होता. दिवे बंद केले की स्पीकरमधून ‘टक्’ असा जोराचा आवाज यायचा, आणि कधी कधी म्युझिक सिस्टिम बंद होऊन पुन्हा सुरू व्हायची.

मग बाबा म्हणाले की अप्पर (हेडलाइटचा लांबचा झोत) मारला की हे दिवेही आपोआप लागायला हवेत, घाटात हात स्टिअरिंगवरून काढायला नको. दुकानातल्या वायरमनने अप्परच्या वायरीला तुकडा जोडला आणि सरळ ८६ वर आणला. आता अप्परबरोबर दिवे लागतात. टक् आवाजही बंद झाला, तो कसा ते कळलं नाही. पण आता नुसता डॅशवरचा स्विच दाबला तरी हेडलाइटचा अप्पर पिवळट लागतो, मीटरमधला निळा दिवाही लागतो. स्विच हाताला गरम लागतो, परवा वासही आला. दुकानात सांगितलं तर म्हणाले, फ्यूज उडत नाही ना, मग चालू द्या.

एक जण म्हणाला डायोड टाका, दुसरा म्हणाला गाडीच्या रिलेला डायोड लागत नाही. तिसऱ्याने सांगितलं की स्विच अर्थच्या बाजूला असेल तर डायोड उलटा बसवायचा. माझ्याकडे मल्टिमीटर आहे, सोल्डरिंग येतं. कोणता डायोड, कुठे, कोणत्या दिशेने, एवढं कोणी नीट समजावून सांगेल का?

पोलोग्राउंड

ताई, अप्परच्या वायरीवरून आणलेला तो तुकडा आधी ८६ वरून काढा आणि टोकाला टेप गुंडाळून ठेवा. बाकी सगळं नंतर, हे आजच करा. स्विचला वास आला म्हणजे आतलं प्लास्टिक तापलंय.

मग तीन गोष्टी पाहून सांगा. अप्पर चालू असताना त्या वायरीवर बॉडीच्या हिशोबाने किती व्होल्ट येतात आणि बंद असताना किती. काही गाड्यांत हेडलाइटचा स्विच प्लस तोडत नाही, अर्थ तोडतो. तिथे दिवा बंद असतानाच वायरीवर १२ व्होल्ट दिसतात आणि जोडणीचा सगळा विचार उलट करावा लागतो, म्हणून मोजल्याशिवाय मी काही सांगणार नाही. दुसरं, रिले सॉकेटमधून काढा आणि ८५ ते ८६, म्हणजे आतल्या कॉइलचे, किती ओहम ते बघा. तिसरं, रिलेच्या अंगावरचं चित्र. कॉइलच्या शेजारी बाण आणि आडवी रेघ (डायोड) आहे, का लहान चौकट (रेझिस्टर) आहे, का काहीच नाही?

आणि एक प्रश्न. नुसत्या स्विचवर दिवे लागायला हवेतच का? समोरून गाडी आली आणि तुम्ही डिपर मारला, म्हणजे अप्पर सोडून झोत खाली आणला, की हे दिवे त्याच क्षणी विझले पाहिजेत. लांब फेकणारा दिवा समोरच्याच्या डोळ्यात गेला तर भेरूघाटाच्या वळणावर त्याला रस्ता दिसत नाही. फक्त अप्परसोबतच हवे असतील तर स्विचचा करंटच अप्परच्या वायरीतून घ्या. अप्पर चालू आणि स्विचही चालू, तेव्हाच दिवे लागतील, आणि अप्परमध्ये उलटा करंट जायला वाटच उरणार नाही.

वैशालीनगर

काका, तुकडा काढला. इंजिन चालू ठेवून मोजलं: अप्पर चालू असताना १३.४ व्होल्ट, बंद असताना शून्य. कॉइल ८८ ओहम. चित्रात फक्त कॉइल आणि पॉइंट, शेजारी काही नाही.

नुसत्या स्विचवर लागतातच. गहू-हरभऱ्याला पाणी द्यायचं असतं तेव्हा शेतीची लाईट रात्रीच्या पाळीत येते. बाबा जीप मोटरच्या स्टार्टर पेटीसमोर उभी करतात आणि हेडलाइट न लावता फक्त हे दोन दिवे लावतात. तिथे दुसरा उजेड नाही.

पोलोग्राउंड

असं असेल तर स्विच हवाच. शून्य आणि १३.४, म्हणजे तुमच्या गाडीत प्लस तुटतो. आता सविस्तर लिहितो. मी राज्य परिवहनच्या डेपोत बसेसची वायरिंग करायचो. रिलेची तक्रार आली की बहुतेक वेळा रिले चांगली असायची आणि करंट नको त्या वाटेने गेलेला असायचा. तुमच्याकडेही तेच झालंय.

८६ वर दोन वायरी एकत्र बांधल्या, की त्या एकच वायर झाल्या. स्विच दाबला की त्यातून कॉइलला करंट जातो, तो अगदी थोडा: साडेतेरा भागिले ८८, म्हणजे ०.१५ अँपिअर. पण त्याच गाठीतून करंट अप्परच्या वायरीत उलटा शिरतो आणि हेडलाइटच्या दोन फिलामेंटना जाऊन मिळतो. ६० वॅटची दोन फिलामेंट पूर्ण तेजाने लागली तर १० अँपिअर खातात. पिवळट लागतात, कारण काही व्होल्ट त्या लहान स्विचमध्ये आणि म्युझिक सिस्टिमच्या बारीक वायरीतच खर्च होतात. दोन व्होल्ट जरी तिथे पडले आणि नऊ अँपिअर वाहिले, तरी १८ वॅटची उष्णता वायर आणि स्विच यांच्यात तयार होते. त्या लाइनचा फ्यूज १५ चा असेल तर तो उडणार नाही. फ्यूज करंट पाहतो, स्विच किती तापला हे त्याला कळत नाही. ‘फ्यूज उडत नाही ना’ हे उत्तर मला पटत नाही, कारण आग लागायला फ्यूज उडावा लागत नाही.

उपाय असा. दोन्ही वायरी ८६ ला लावायच्या, पण प्रत्येकीत एक डायोड, पट्टा ८६ कडे. डायोडवर चंदेरी पट्टा असतो, करंट पट्ट्याच्या दिशेने जातो, उलट येत नाही. स्विचचा करंट कॉइलपर्यंत येईल आणि अप्परच्या डायोडपाशी अडेल. अप्परचा करंट कॉइलपर्यंत येईल आणि स्विचकडे जाणार नाही. १एन४००७ घ्या, एक अँपिअरचा असतो, आपल्याला ०.१५ च न्यायचाय. डायोडमध्ये ०.७ व्होल्ट कमी होतात. १२ व्होल्टची रिले साधारण सात-आठ व्होल्टला खेचते, त्यामुळे फरक पडत नाही. दिव्यांच्या जाड वायरीत मात्र हा डायोड कधीही घालायचा नाही. तिथे नऊ-दहा अँपिअर आहेत, क्षणात जळेल.

आता टक् आवाज. कॉइल म्हणजे लोखंडावर गुंडाळलेली तार. तिच्यातून करंट वाहत असतो तेव्हा चुंबकात ऊर्जा साठते, आणि स्विच उघडला तरी करंट एकदम थांबायला तयार नसतो. शेतावर पंपाच्या पाईपाचा व्हॉल्व्ह झटकन बंद केला तर पाईप जो दणका देतो, तेच इथे व्होल्टेजच्या रूपात होतं. वाट नसेल तर ८६ चं टोक शून्याच्या खाली दीडशे-दोनशे व्होल्टपर्यंत आणि त्याहूनही पुढे जातं, स्विचच्या पॉइंटमध्ये ठिणगी पडते. तुमच्या स्विचला करंट म्युझिक सिस्टिमच्याच वायरीतून आहे, त्यामुळे ठिणगीचा धक्का सरळ तिला बसतो. पॉइंट हळूहळू काळे पडतात ते वेगळंच.

त्यासाठी तिसरा डायोड, हा ८५ आणि ८६ च्या मध्ये आडवा, पट्टा ८६ कडे. स्विच चालू असताना तो अडवून धरतो, काहीच करत नाही. स्विच उघडला की कॉइलचा करंट याच्यातून गोल फिरून काही मिलिसेकंदांत विरतो. व्होल्टेज शून्याखाली एक व्होल्टसुद्धा जात नाही. इथे दिशा चुकली तर स्विच दाबताच करंट डायोडमधून सरळ बॉडीला जाईल, फ्यूज उडेल किंवा डायोड फुटेल. म्हणून बसवण्याआधी मल्टिमीटरच्या डायोड खुणेवर तपासा: एका बाजूने ०.५ ते ०.७, दुसऱ्या बाजूने काही नाही.

स्विच अर्थला असेल तर डायोड उलटा, असं ज्यांनी सांगितलं ते चूक आहे. रिले चालू असताना कॉइलचं जे टोक प्लस असतं, पट्टा त्या टोकाकडे. स्विच प्लस तोडो की अर्थ, हे बदलत नाही. हॉर्नचं बटण बऱ्याच गाड्यांत अर्थ तोडतं, तिथेही पट्टा प्लसकडेच असतो.

आणि टक् का थांबला? तुकडा जोडल्यावर हेडलाइटची फिलामेंट कॉइलच्या समांतर आली. थंड फिलामेंटचा अडथळा ओहमच्या काही दशांश, म्हणजे जवळजवळ तारच. कॉइलचा करंट तिथून फिरायला लागला. आता तुम्ही तुकडा काढलाय, तर टक् पुन्हा ऐकू येईल. बघा आणि सांगा.

राऊ_रोड

काका, एक शंका. तुम्ही अप्परच्या वायरीत घातलेल्या डायोडचा पट्टा ८६ कडे आहे. स्विच उघडल्यावर ८६ शून्याच्या खाली जातं, म्हणजे तो डायोड सुलट होतो, करंट जाऊ देतो. मग बॉडी, हेडलाइटचं फिलामेंट, अप्परची वायर, डायोड, कॉइल अशी वाट आपोआप मिळते. मग तिसऱ्या डायोडची गरज काय? शिवाय कॉइलवर डायोड टाकला की रिले उशिरा सुटते, पॉइंट सावकाश उघडतात आणि जास्त जळतात असं वाचलंय. मी पीथमपूरला हार्नेसच्या (गाडीच्या वायरींच्या जुडग्यांच्या) कामात आहे, तिथे कॉइलवर डायोडऐवजी रेझिस्टर असलेल्या रिले बघतो.

पोलोग्राउंड

तुमची वाट अगदी बरोबर आहे. दोन्ही हेडलाइटचे बल्ब शाबूत असतील, त्यांचं अर्थ घट्ट असेल, तर तिसऱ्या डायोडशिवाय टक् येणार नाही. पण मग रिलेचा बंदोबस्त हेडलाइटच्या बल्बवर अवलंबून राहिला. आणि तो करंट इंजिनच्या अख्ख्या वायरिंगमधून फिरून येणार. तोच डायोड कॉइलच्या पायांवर असला तर फेरा बोटभर लांबीचा होतो. माझ्या मते डायोडची जागा कॉइलपाशीच.

उशिरा सुटण्याचंही खरं आहे, काही मिलिसेकंद. मोटरचा किंवा मोठ्या कॉइलचा भार असेल तर ते मनावर घ्यायला हवं. इथे दिवे आहेत, बंद होताना ठिणगी फार पडत नाही. रेझिस्टरवाली रिलेही चालते, तिला दिशा नसते, म्हणून कंपन्यांना सोयीची पडत असेल. बहुधा ६८० ओहम असतो. ०.१५ अँपिअर त्यातून गेला तर शंभरेक व्होल्टची उसळी राहतेच. म्युझिक सिस्टिम ज्या वायरीवर आहे तिथे मी डायोडच घालीन.

छावनी_टॉगल

ताई, काका, मी एक वेगळंच सुचवतो. डॅशवरचा स्विच काढा आणि मध्ये बंद असलेला तीन जागांचा टॉगल लावा. टॉगलचा मधला पाय ८६ ला, एका बाजूला अप्परची वायर, दुसऱ्या बाजूला कायमचा करंट, छोट्या फ्यूजमधून. रस्त्यावर टॉगल अप्परच्या बाजूला ठेवायचा, मग दिवे अप्परबरोबर लागतात, डिपर मारला की विझतात. शेतात दुसऱ्या बाजूला. शहरात मध्ये, म्हणजे पलासिया चौकात चुकून अप्पर लागला तरी जादा दिवे लागणार नाहीत. दोन वायरी कधी एकत्र येतच नाहीत, तर उलट करंटचा प्रश्नच नाही. वायरीतले दोन्ही डायोड वाचले.

पोलोग्राउंड

हे माझ्या जोडणीपेक्षा चांगलं आहे, ताई, हेच करा. शहरात दिवे बंद ठेवण्याची सोय दोन डायोडच्या जोडणीत नव्हती.

मात्र आता कॉइलवरचा डायोड नक्कीच लागणार. टॉगल मध्ये आणला की ८६ सगळ्यांपासून तुटतं, राऊकरांनी दाखवलेली फिलामेंटची वाट उरत नाही. सगळी उसळी टॉगलच्या पॉइंटवर येईल.

बसवताना या गोष्टी बघा. कायमचा करंट म्युझिक सिस्टिमच्या वायरीतून घेऊ नका. बॅटरीवरून वेगळी बारीक वायर, तिच्यावर ३ अँपिअरचा फ्यूज. दिव्यांच्या ३० च्या वायरीला १५ चा फ्यूज, आणि तो बॅटरीपासून वीतभराच्या आत. फ्यूजच्या अलीकडची वायर घासली तर तिला वाचवणारं काही नसतं. ३०, ८७ आणि दिव्यांचं अर्थ, तिन्हींना अडीच चौरस मिलिमीटरची वायर. अर्थ रंगावर बसवू नका, पत्रा घासून लखलखीत करा आणि वर ग्रीस लावा.

डायोड सॉकेटच्या मागे, ८५ आणि ८६ च्या वायरींना सोल्डर करा. पाय गोलसर वळवा, डायोडच्या अंगाला लागून काटकोनात वाकवले तर काच किंवा प्लास्टिक तडकतं आणि डिझेलच्या थरथरीने पाय तुटतो. वर हीट-श्रिंक स्लीव्ह (तापवली की आवळणारी नळी). नुसती टेप इंजिनच्या उष्णतेत सुटते. रिले उभी बसवा, पाय खाली, म्हणजे पावसाचं पाणी सॉकेटमध्ये साचणार नाही.

१एन४००१ सुद्धा एक अँपिअरचाच असतो, पण तो ५० व्होल्टचा. इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल सैल झालं तर अल्टरनेटरची उसळी त्याच्यावर जाऊ शकते. ४००७ एक हजार व्होल्टचा आहे, किंमत जवळजवळ तीच. तोच घ्या.

नवी रिले घेणार असाल तर दोन गोष्टी सांभाळा. देवास नाक्याकडे ट्रकचं सामान जास्त मिळतं, ट्रकची रिले २४ व्होल्टची. दिसायला तशीच असते, तुमच्या गाडीत ती नीट खेचणार नाही किंवा थरथरेल. टोपी वाचून घ्या. आणि पाच पायांची मिळाली तर मधला पाय ८७ ए. तो रिले बंद असताना ३० ला जोडलेला असतो. दिव्याची वायर चुकून त्याच्यावर गेली तर दिवे कायम चालू राहतील. हे आकडे जर्मन मानक डीआयएन ७२५५२ मधले आहेत, ३० म्हणजे बॅटरीचा प्लस, ८५ आणि ८६ कॉइल. कुठल्याही चांगल्या कंपनीची रिले घ्या, आकडे बहुतेक हेच असतात. मात्र आत डायोड असलेली रिले घेतली तर बाहेरचा नको, आणि प्लस ८६ लाच आला पाहिजे.

वैशालीनगर

तुकडा काढल्यावर टक् खरोखरच परत आला होता, काका. महाराणी रोडवर टॉगल आणि डायोड दोन्ही मिळाले, हीट-श्रिंक सियागंजमधून आणलं. काल बसवलं. कॉइलवर इंजिन चालू असताना १३.५ येतात. टॉगल मध्ये आणला तरी स्पीकर शांत आहे. नुसत्या दिव्यांवर अप्पर लागत नाही, निळा दिवाही नाही. जुना स्विच उघडून पाहिला, एक पॉइंट काळा पडलाय आणि खालचं प्लास्टिक वितळून एका बाजूला झुकलंय.

एकच विचारायचं राहिलं. शेतात इंजिन बंद ठेवून दिवे किती वेळ चालतील?

पोलोग्राउंड

दोन्ही दिवे मिळून नऊ अँपिअर. अर्धा तास लावले तर साडेचार अँपिअर-तास गेले. बॅटरी चांगली असेल तर तेवढ्याने गाडी सुरू व्हायला अडचण नाही. थंडीत डिझेलला स्टार्टर जास्त ओढावा लागतो, म्हणून तासाच्या वर बाबांना लावू देऊ नका, किंवा मधे इंजिन चालू करायला सांगा. टॉगलच्या कोणत्या बाजूला काय आहे ते डॅशवर लिहून चिकटवा, रात्री दुसऱ्या कोणी गाडी चालवली तर त्यालाही कळेल. आणि जुना स्विच फेकण्याआधी त्याच्यामागची म्युझिक सिस्टिमची वायर हातभर उघडून पाहा. इन्सुलेशन कडक किंवा तपकिरी झालं असेल तर तेवढा तुकडा बदला.